ओके पीस

चाकणच्या मशीन शॉपमध्ये शिफ्ट लागली की लगेच उत्पादन सुरू होत नाही. ऑपरेटर सेटिंग करतो, पहिला पीस काढतो, पुसतो आणि क्वालिटीच्या टेबलावर नेऊन ठेवतो. तिथे बोअरमध्ये प्लग गेज घालून बघतात. ‘गो’ बाजू सहज आत गेली पाहिजे, ‘नो-गो’ तोंडाशीच अडली पाहिजे. मग रिपोर्टवर सही होते: फर्स्ट पीस ओके. तोवर ‘क्वालिटीनं ओके दिला का?’ हा एकच प्रश्न.

मायक्रॉनची चूक न खपवणाऱ्या या शब्दाचा जन्म मात्र चुकीच्या स्पेलिंगमधून झाला. १८३०च्या दशकात बोस्टनच्या पत्रकारांना मुद्दाम अडाणी स्पेलिंग करून त्याची आद्याक्षरं छापायची हौस होती. ‘ऑल करेक्ट’मधल्या ‘ए’चा ‘ओ’ केला, ‘सी’चा ‘के’. २३ मार्च १८३९च्या ‘बोस्टन मॉर्निंग पोस्ट’मध्ये हे ‘ओके’ छापून आलं. असले बाकीचे विनोद विरले. हा तगला, कारण पुढच्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्यूरन पुन्हा निवडणुकीला उभे होते. त्यांचं गाव किंडरहुक, म्हणून ते ‘ओल्ड किंडरहुक’, आणि समर्थकांचे ओके क्लब. व्हॅन ब्यूरन पडले, शब्द मात्र निवडून आला. ही सगळी कुळी ॲलन वॉकर रीड या भाषाभ्यासकानं १९६३-६४ मध्ये खणून काढली. त्याआधी या शब्दाला नाना बाप चिकटवले गेले होते.

पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, आणि आसपासची शेतकऱ्यांची पोरं व्हर्नियर वाचायला लागली. ओके इथे मराठी क्रियापदांच्या घरी नांदायला आला: ओके होतो, ओके करून घेतात, ओके देतात. हिरवा टॅग ओकेचा, पिवळा रीवर्कचा, लाल रिजेक्टचा. जपानी कामपद्धतीबरोबर त्याला जोडीदारही मिळाला, ‘एनजी’, म्हणजे ‘नो गुड’. आद्याक्षरं इंग्रजी, पण रुळली ती जपानी कारखान्यांत. लंडनच्या माणसाला ती उलगडतीलच असं नाही, चाकणच्या हेल्परला उलगडतात.

या दोघांच्या मधे आणखी एक जागा आहे, ‘डेव्हिएशन’. ग्राहक कंपनीनं लेखी मंजुरी दिली, तर मापात थोडा चुकलेला पीसही जातो. पंचवीस तारखेला लाल डब्यात पडलेल्या पीसची आठवण एकतीस तारखेला, डिस्पॅचची गाडी गेटवर उभी असताना, बरोबर येते.