मॉन्टू निगेटिव्ह, म्हणून बाळ सुरक्षित?

आजोबांच्या बेडक्यात टीबीचे जंतू सापडले की घरातल्या तान्ह्यासाठी सल्ला ठरलेला: "मॉन्टू करून घ्या. निगेटिव्ह आली तर उगाच औषध कशाला?" पाच वर्षांखालच्या मुलांसाठी हा सल्ला घातक आहे.

मॉन्टू जंतू शोधत नाही. कातडीत टोचलेल्या ट्युबरक्युलिनला, म्हणजे टीबीच्या जंतूंच्या अर्काला, शरीर ओळखतं का, एवढंच ती पाहते. संसर्गानंतर ही ओळख तयार व्हायला दोन ते आठ आठवडे, कधी त्याहूनही जास्त लागतात. कुपोषित किंवा नुकताच गोवर झालेल्या बाळात ती उमटतच नाही, असंही होतं. म्हणजे धोका ज्याला जास्त, त्याच्याच बाबतीत टेस्ट कच्ची. शिवाय ती वाचायची ४८ ते ७२ तासांनी. लाली मोजायची नाही. बोटाने चाचपून कडक फुगवट्याची रुंदी पट्टीने मोजायची, १० मिलिमीटर किंवा जास्त भरली तर पॉझिटिव्ह. कर्नाटक सीमेवरच्या मैंदर्गीहून अक्कलकोट नाहीतर सोलापूर गाठलेल्या आईने त्यासाठी पुन्हा रोज बुडवायचा. ती आली नाही, तर टोचलेलं फुकट. रक्ताची इग्रा टेस्ट एका खेपेत होते, पण इतक्या लहान वयात तीही मॉन्टूपेक्षा सरस नाही.

"पुराव्याशिवाय धडधाकट बाळाला सहा महिने औषध? जंतू दाद देईनासे होतील." शंका रास्त आहे. पण तो धोका असतो आजार असताना आयसोनियाझिड हे प्रतिबंधक औषध एकटंच दिल्याने. म्हणून आधी ताप, खोकला, न वाढणारं वजन, गरजेप्रमाणे एक्स-रे पाहायचा. आजार नाही असं ठरलं की टेस्टसाठी न थांबता प्रतिबंधक औषध सुरू करायचं. केंद्राच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात. यकृताला त्रास लहान मुलांत क्वचितच होतो. उलट, औषधं येण्यापूर्वीच्या नोंदी पाहा: संसर्ग झालेल्या वर्षाखालच्या बाळांपैकी निम्म्यापर्यंत आजारी पडत, काहींना मेंदूचा टीबी होई. बीसीजी त्यातून बरंच वाचवते, पण पूर्ण नाही. आणि पुरावा म्हणाल, तर एकाच खोलीत खोकणारे आजोबा हाच पुरावा.

आजाराचा संशय असेल तिथे मॉन्टूचा आधार जरूर घ्यावा. कारण लहान मुलाला बेडका काढता येत नाही. प्रतिबंधक औषध ठरवताना मात्र खरी तपासणी आजोबांच्या बेडक्याची: त्यांच्या जंतूंवर आयसोनियाझिड चालतं का? चालत नसेल तर बाळाचं औषध वेगळं ठरवावं लागतं. मैंदर्गीसारख्या सीमेवरच्या गावात आजोबांचा उपचार कर्नाटकात सुरू असेल, तर तो रिपोर्ट तिकडून मागवून बाळाच्या डॉक्टरांपुढे ठेवायला हवा.