कुंभोजचे अण्णा आणि लक्ष्मीबाईंचे मंगळसूत्र



बाहुबलीच्या डोंगरावर दर्शनाला जाताना आपल्याला कुंभोज लागते. याच गावी, आजोळी, २२ सप्टेंबर १८८७ रोजी भाऊराव पायगोंडा पाटील यांचा जन्म झाला. जगासाठी ते कर्मवीर, आपल्यासाठी अण्णा.

अण्णा कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये शिकले. पुढे किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव फिरले. शेतकऱ्याच्या घरची निरक्षरता त्यांनी तेव्हा जवळून पाहिली. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळच्या काले गावात त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. १९२७ मध्ये गांधीजींनी त्याला शाहू महाराजांचे नाव दिले.

त्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुले एका पंगतीला बसत. लक्ष्मीबाई कर्मठ जैन घरात वाढलेल्या. त्या काळी सोवळे-ओवळे सोडून या मुलांना पोटच्या लेकरांसारखे जेवू घालणे किती जड गेले असेल, हे चूल सांभाळणाऱ्या बाईला वेगळे सांगायला नको. अंगावरचे दागिने एकेक करून गेले. एकदा अण्णा परगावी होते आणि घरात धान्य उरले नव्हते. तेव्हा त्यांनी मंगळसूत्रही काढून दिले. मुले उपाशी राहिली नाहीत.

१९३० मध्ये लक्ष्मीबाई गेल्या. त्यानंतर अण्णा २९ वर्षे जगले. त्यांचा संसार गावोगावच्या शाळा-वसतिगृहांतून वाढतच राहिला. १९५९ मध्ये त्यांना पद्मभूषण आणि पुणे विद्यापीठाची डी. लिट. मिळाली, त्याच वर्षी ९ मे रोजी ते गेले. तो सोहळा पाहायला लक्ष्मीबाई नव्हत्या.

आपल्याकडे दानाचे चार प्रकार सांगतात. अण्णांचे ज्ञानदान सर्वांना ठाऊक आहे. पण रिकाम्या पोटी कोण शिकणार? त्या ज्ञानदानाखाली लक्ष्मीबाईंचे आहारदान होते. अपरिग्रहावर आपण प्रवचने ऐकतो, आणि कपाटातले सोने मात्र मोजत राहतो. त्यांनी प्रवचन दिले नाही, गळ्यातले काढून दिले.

येत्या २२ सप्टेंबरला मुला-नातवंडांना अण्णांची गोष्ट नक्की सांगा. सांगताना स्वयंपाकघरातली ती अर्धी गोष्ट तेवढी गाळू नका.