कर्नलची शिदोरी

लिनक्सचा कर्नल अपग्रेड केला, मशीन रीस्टार्ट केले आणि ते उठलेच नाही, की खापर नव्या कर्नलवर फुटते. बहुतेक वेळा तो बिचारा निर्दोष असतो. उणीव असते ती त्याच्याबरोबर बांधून दिलेल्या बूट इमेजमध्ये. ही इमेज कशासाठी लागते आणि अपग्रेडमध्ये नेमकी कुठे चुकते, ते इथे पाहू. उदाहरणे डेबियनची घेतली आहेत. फेडोरात हेच काम ड्रॅकट करतो, तत्त्व बदलत नाही.

घराला कुलूप लावावे आणि किल्ली आतच राहावी, अशी कर्नलची सुरुवातीची अवस्था असते. त्याला रूट फाइलसिस्टिम उघडायची असते. ती समजा एनव्हीएमई डिस्कवर, एन्क्रिप्शनच्या आत, ईएक्सटी-४ स्वरूपात आहे. डिस्कसाठी एक ड्रायव्हर हवा, एन्क्रिप्शनसाठी दुसरा, फाइलसिस्टिमसाठी तिसरा. आणि हे तिन्ही मॉड्यूल्स म्हणून त्याच बंद डिस्कवर पडलेले. सगळे ड्रायव्हर कर्नलमध्येच बसवले तर प्रश्न मिटतो, आणि एकाच ओळखीच्या मशीनसाठी कर्नल स्वतः कंपाइल करणारे तसे करतातही. पण डेबियनला समोरचे हार्डवेअर कोणते हे आधी ठाऊक नसते, आणि काही हजार मॉड्यूल्स प्रत्येकाच्या मेमरीत कोंबणे शहाणपणाचे नाही. म्हणून प्रवासापुरती शिदोरी वेगळी बांधली जाते. ग्रब हा बूटलोडर फर्मवेअरच्या मदतीने डिस्क वाचतो, त्यामुळे त्याला कर्नलचे ड्रायव्हर लागत नाहीत. तो कर्नल आणि इमेज अशा दोन्ही फाइली मेमरीत आणून ठेवतो आणि बाजूला होतो.

पूर्वी ही इमेज म्हणजे खरोखरच एक चिमुकली डिस्क असे, म्हणून तिला इनिटआरडी म्हणत. ती उघडायलाही कर्नलमध्ये फाइलसिस्टिमचा ड्रायव्हर असावा लागे. डिसेंबर २००३ मध्ये आलेल्या २.६ मालिकेपासून इनिट्रामएफएस ही पद्धत रुळली. ही सीपीआयओ स्वरूपातली साधी गाठोडी असते. कर्नल ती थेट मेमरीत सोडतो आणि तिच्यातला 'इनिट' हा प्रोग्रॅम पहिली प्रोसेस म्हणून चालवतो. तो ड्रायव्हर चढवतो, रूट डिस्क शोधतो, माउंट करतो आणि सूत्रे डिस्कवरच्या सिस्टिमडीकडे देतो. डेबियनमध्ये फाइलचे नाव मात्र आजही 'इनिटआरडी'च आहे, त्यामुळे नवख्यांचा गोंधळ होतो.

यातून कळीचा मुद्दा निघतो. कर्नल अपग्रेड म्हणजे एक फाइल बदलणे नव्हे. कर्नल, त्याच आवृत्तीचे मॉड्यूल्स आणि त्या मॉड्यूल्समधून बांधलेली इमेज, या तिघांचे जुळावे लागते. प्रत्येक मॉड्यूलच्या पोटात तो कोणत्या कर्नलसाठी बांधला त्याची खूण असते; ती जुळली नाही तर कर्नल त्याला दारातूनच परत पाठवतो. म्हणून क्रमही महत्त्वाचा. ग्राफिक्स कार्डासारखे बाहेरचे ड्रायव्हर आधी नव्या कर्नलसाठी बांधायचे, मग इमेज, आणि शेवटी ग्रबचा मेनू. डेबियनने हा क्रम फार साधेपणाने पाळला आहे. कर्नल बसवल्यावर चालणाऱ्या स्क्रिप्ट एका फोल्डरमध्ये असतात आणि त्या इंग्रजी वर्णक्रमाने चालतात: 'डीकेएमएस', मग 'इनिट्रामएफएस-टूल्स', सर्वांत शेवटी 'झेडझेड-अपडेट-ग्रब'. तो 'झेडझेड' शोभेसाठी नाही. मेनू इमेजच्या आधी तयार होऊ नये, एवढ्यासाठी तो नावापुढे जोडला आहे.

इमेजचा दुसरा स्वभाव लक्षात ठेवण्याजोगा आहे. ती नक्कल असते. एन्क्रिप्टेड डिस्कचा तपशील असलेली क्रिप्टटॅब फाइल, ब्लॅकलिस्ट केलेले मॉड्यूल्स, पासवर्ड टाइप करतानाचा कीबोर्ड लेआउट, हे सगळे इमेज बांधली त्या क्षणी जसे होते तसे आत जाते. नंतर डिस्कवरची मूळ फाइल तुम्ही बदललीत तरी इमेजला त्याचा पत्ता नसतो. 'अपडेट-इनिट्रामएफएस' पुन्हा चालवल्याखेरीज तो बदल बूटच्या वेळी लागू होत नाही.

आता बिघाड जवळून पाहू. बिघडलेले मशीन दोन वेगळ्या तऱ्हांनी अडते, आणि ते कुठे अडले यावरूनच निदान होते.

पहिली तऱ्हा: रूट डिस्कची वाट पाहणे सोडले असा संदेश येतो, अमुक यूयूआयडी अस्तित्वात नाही अशी सूचना येते आणि कंसात 'इनिट्रामएफएस' लिहिलेला प्रॉम्प्ट लुकलुकत राहतो. घाबरू नये. कर्नल उठला आहे, इमेज उघडली आहे, फक्त डिस्क सापडलेली नाही. 'डेव्ह' फोल्डरमध्ये डिस्कचे नाव दिसते का ते पाहावे. दिसत नसेल तर ड्रायव्हर हाताने 'मॉडप्रोब'ने चढवून पाहावा. चढला तर 'एक्झिट' म्हणताच बूट पुढे सरकते. चढला नाही, तर तो शिदोरीत बांधलेलाच नव्हता. हे हमखास घडते ते इमेज लहान ठेवण्यासाठी 'मॉड्यूल्स' हे सेटिंग 'डेप' केलेले असते आणि डिस्क दुसऱ्या मशीनमध्ये किंवा व्हर्च्युअल मशीनमध्ये हलवली जाते तेव्हा. 'डेप' फक्त आजच्या हार्डवेअरपुरते बांधते. काही एमबी वाचवण्यासाठी हा धोका पत्करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. 'मोस्ट' हेच ठेवावे.

दुसरी तऱ्हा अधिक कठोर: कर्नल पॅनिक, रूट माउंट करता येत नाही, 'अननोन-ब्लॉक' आणि कंसात दोन शून्ये. इथे इमेजच मिळालेली नसते. मी सांभाळत असलेल्या एका सर्व्हरवर बूटचे पार्टिशन जुन्या काळातले, जेमतेम अडीचशे एमबीचे होते. तीन जुने कर्नल तिथे ठाण मांडून बसलेले, त्यामुळे चौथ्याची इमेज लिहिताना जागा संपली. 'नो स्पेस लेफ्ट' ही ओळ शेकडो ओळींत वाहून गेली. पुढे कधीतरी अपडेट-ग्रब चालवला, तेव्हा इमेज नसलेला तो कर्नल मेनूत सर्वांत वर जाऊन बसला. फाइलसिस्टिमच्या यूयूआयडीवरून डिस्क ओळखण्याचे काम इमेजमधल्या स्क्रिप्ट करतात, कर्नल स्वतः नाही. त्यामुळे इमेजविना त्याच्यापुढे वाटच उरत नाही.

म्हणून रीस्टार्टचे बटण दाबण्यापूर्वी दोन मिनिटे द्या. बूट फोल्डरमध्ये नव्या आवृत्तीच्या दोन्ही फाइली आहेत का आणि इमेजचा आकार जुनीच्या आसपास आहे का, ते पाहा. 'एलएसइनिट्रामएफएस'ने इमेजमधली यादी काढा आणि तुमच्या डिस्कच्या ड्रायव्हरचे नाव तीत शोधा. 'डीएफ'ने बूट पार्टिशनमधली मोकळी जागा बघा. मशीन उठल्यावर 'यूनेम -आर' नवी आवृत्ती दाखवेल, तरीही आधीचा चालता कर्नल लगेच काढू नका. निदान पंधरा दिवस तो ग्रबच्या मेनूत राहू द्या.