पिकअप : नवी घ्यावी की जुनी?

बुलडाणा - सोयाबीन आणि कापूस बाजारात येऊ लागले, की खामगाव, मलकापूर, चिखली, मेहकर येथील बाजार समित्यांकडे जाणाऱ्या मालासाठी पिकअपला मागणी येते. हंगाम सरला, की भाडे कमी होते. कर्जाचा हप्ता मात्र बारा महिने सुरू राहतो. म्हणूनच गाडी किती रुपयांना मिळाली, यापेक्षा ती वर्षातून किती दिवस धावणार, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

किंमत कशी घटते?
विम्यासाठी वाहनाचे मूल्य ठरविताना प्रचलित घसारा सहा महिन्यांनंतर पहिल्या वर्षअखेरपर्यंत १५ टक्के, तिसऱ्या वर्षी ३० टक्के आणि पाचव्या वर्षी ५० टक्के धरला जातो. प्रत्यक्ष बाजारभाव गाडीच्या स्थितीवर अवलंबून असला, तरी अंदाजासाठी हे प्रमाण उपयोगी पडते. समजा, गाडी दहा लाखांची आहे. पाच वर्षांत पाच लाख, म्हणजे वर्षाला सरासरी एक लाख रुपये घटले. गाडी वर्षातून ३०० दिवस धावली, तर हा भार रोज सुमारे ३३३ रुपये पडतो. १२० दिवसच धावली, तर ८३३ रुपये.

मालवाहू वाहनांवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला. नवी गाडी स्वस्त झाल्याने जुनीचा भाव ठरवतानाही नव्या किमतीशीच तुलना करावी लागते.

जुन्या गाडीचा खर्च
आठ वर्षांपर्यंत योग्यता प्रमाणपत्राचे नूतनीकरण दोन वर्षांनी, त्यानंतर दरवर्षी करावे लागते. महाराष्ट्रात आठ वर्षांवरील परिवहन वाहनांना पर्यावरण करही लागतो. तृतीय पक्ष विम्याचा हप्ता वाहनाच्या वजनावर ठरत असल्याने गाडी जुनी झाली म्हणून तो उतरत नाही. राजूर किंवा बोथा घाटातून नियमित ये-जा असेल, तर ब्रेक आणि क्लचची तपासणी व्यवहारापूर्वीच करून घ्यावी. एप्रिल २०२० नंतरच्या भारत स्टेज ६ गाड्यांत सेन्सर व धूर शुद्धीकरणाची यंत्रणा वाढली आहे. त्यांच्या दुरुस्तीला संगणकीय तपासणीची सोय जवळ आहे का, हेही पाहावे.

थोडक्यात, बारमाही भाडे असणाऱ्यास नवी, तर केवळ हंगामी काम असणाऱ्यास चार-पाच वर्षांची सुस्थितीतील गाडी परवडू शकते. पहिली मोठी घट आधीच्या मालकाने सोसलेली असते आणि आठ वर्षांची मर्यादा येण्यास अवधी उरतो.

नावावर केल्याशिवाय व्यवहार पूर्ण नाही
केवळ मुद्रांकावर लिहून देणे धोक्याचे आहे. राज्यांतर्गत विक्रीत विक्रेत्याने १४, तर खरेदीदाराने ३० दिवसांत परिवहन कार्यालयास कळविणे आवश्यक असते. त्यासाठी नमुना २९ व ३० आणि कर्जाचा बोजा उतरविण्यासाठी नमुना ३५ लागतो. नोंदणीत ज्याचे नाव, तोच अपघाताच्या भरपाईस जबाबदार, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार प्रकरणात स्पष्ट केले आहे. गाडी विकूनही नाव न बदलणाऱ्याच्या दारी ही जबाबदारी येऊ शकते.