नवी पलटण, निळी जर्सी : बेंगळुरूचा एक फुटबॉल हंगाम



आपल्या या मालिकेत आजवर आपण लढाया पाहिल्या, पलटणींचे इतिहास पाहिले. आज लढाई नाही. आज मी तुम्हाला एका फुटबॉल संघाच्या एका हंगामाची गोष्ट सांगणार आहे. तुम्ही म्हणाल, कर्नल साहेब रुळावरून घसरले. तसं नाही. प्रश्न आपला नेहमीचाच आहे. कागदावर एका हुकमाने उभी केलेली पलटण खरीखुरी पलटण कधी होते? माणसं तिला 'आपली' कधी म्हणायला लागतात?

आधी माझ्याबद्दल दोन शब्द. मी कोल्हापूरचा. आमच्याकडे फुटबॉल हा पेठेचा खेळ आहे. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ ही संघांची नावं, आणि यातल्या बहुतेकांच्या मागे एकेक तालीम. तुमचा संघ कोणता, हे तुमचं घर कुठल्या गल्लीत आहे त्यावर ठरतं. लहानपणी शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून मी जेवढा घसा फोडला, तेवढा पुढे परेड ग्राउंडवरही फोडला नाही. मग फौजेत आलो. तिथे पेठेची जागा पलटणीने घेतली. इंटर-कंपनी फुटबॉलचा अंतिम सामना असला की लंगरातला आचारीसुद्धा झारा टाकून मैदानाकडे धावायचा.

2013 च्या उन्हाळ्यात मी निवृत्त झालो. मुलगी नोकरीला बेंगळुरूत, म्हणून आम्ही दोघांनी इथेच घर केलं. आणि आयुष्यात पहिल्यांदा मी अशा ठिकाणी आलो जिथे ना पेठ होती, ना पलटण. सकाळी दाढी करून तयार व्हायचं आणि मग खिडकीत बसून समोरच्या इमारतीचं बांधकाम पाहायचं. निवृत्त फौजी मंडळींना मी काय म्हणतोय ते कळेल.

आता थोडा इतिहास. बेंगळुरू म्हटलं की लोकांना कॉम्प्युटर आठवतो, फार तर क्रिकेट. पण हे जुनं फुटबॉलचं शहर आहे, आणि त्याचं कारण आपली छावणी. 1809 मध्ये इंग्रजांनी इथे कँटोन्मेंट वसवलं. पुढे गोऱ्या पलटणी मैदानांवर फुटबॉल खेळू लागल्या आणि हलसूर, ऑस्टिन टाउन या वस्त्यांतली पोरं कडेला उभी राहून तो शिकली. बहुतेक अनवाणी. मुंबईत 1891 पासून रोव्हर्स कप ही मोठी स्पर्धा चालत असे. सुरुवातीची कित्येक वर्षं ती गोऱ्या पलटणींनीच जिंकली. तो कप जिंकणारा पहिला भारतीय संघ कुठला? कलकत्त्याचा नाही. बेंगळुरूचा. बेंगलोर मुस्लिम्स या संघाने 1937 साली तो जिंकला आणि 1938 साली पुन्हा जिंकला.

पुढे 1948 चं लंडन ऑलिंपिक. स्वतंत्र भारताचा संघ फ्रान्सविरुद्ध उतरला, बरेच खेळाडू अनवाणी. आपण 2-1 असे हरलो, पण भारताचा तो एकमेव गोल करणारा सारंगपाणी रामन हा बेंगळुरूचा. संतोष ट्रॉफी तेव्हाच्या म्हैसूर राज्याने चार वेळा जिंकली, शेवटची 1968-69 च्या हंगामात. त्यानंतर उतार. एचएएल, आयटीआय अशा सरकारी कारखान्यांच्या संघांनी खेळ धरून ठेवला. 2012 मध्ये एचएएलही आय-लीगमधून खाली गेला, आणि देशाच्या सर्वोच्च लीगमध्ये या शहराचा संघच उरला नाही.

अशा वेळी, 20 जुलै 2013 ला, जेएसडब्ल्यू समूहाने बेंगळुरू एफसी हा नवा संघ जाहीर केला. फुटबॉल महासंघाने कंपन्यांना आय-लीगमध्ये थेट प्रवेशाची वाट उघडली होती, त्या वाटेने हा संघ आला. खालच्या श्रेणीतून झगडत वर आला नव्हता. याला आपण फौजेत 'रेझिंग' म्हणतो.

मी स्वतः एका नव्या युनिटच्या रेझिंगमध्ये होतो. दहा ठिकाणांहून माणसं येतात. कोण राजीखुशीने आलेला, कोण पाठवलेला. पहिले सहा महिने प्रत्येक जण 'आमच्या जुन्या युनिटमध्ये असं होतं' एवढंच बोलतो. हा संघही तसाच होता. कप्तान सुनील छेत्री, फौजीचा मुलगा, आदल्याच हंगामात गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सकडून खेळून विजेता ठरलेला. बचावात इंग्लंडचा जॉन जॉन्सन आणि केनियाचा कर्टिस ओसानो. पुढे ऑस्ट्रेलियाचा शॉन रूनी. मणिपूरचा थोई सिंग, केरळचा रिनो आंटो, मुंबईचा कीगन परेरा, आणि इथलीच घरची पोरं शंकर संपंगीराज आणि एन. एस. मंजू. प्रशिक्षक अ‍ॅशली वेस्टवूड हा इंग्रज. त्याने काय केलं? सराव तर कडक घेतलाच, पण खेळाडूंचा नाश्ता आणि जेवण एकत्र केलं. ते वाचलं तेव्हा मी मनात म्हटलं, याला कळलंय. एका लंगरात जेवल्याशिवाय पलटण होत नाही.

आमच्या सोसायटीशेजारी मद्रास सॅपर्सचे एक निवृत्त सुभेदार राहायचे. हलसूरचे तमिळ गृहस्थ, वयाने माझ्यापेक्षा मोठे. फिरायला जाताना ओळख झाली. त्यांच्या वडिलांनी रामनला खेळताना पाहिलेलं. मी नव्या संघाचा विषय काढला, तर ते आपल्या फौजी हिंदीत म्हणाले, "साहेब, ही कंपनीची टीम. कंपनीला तोटा झाला की दुकान बंद. यात आमचं काय?"

मी म्हटलं, "सुभेदार साहेब, एक सामना पाहून तर येऊ."

22 सप्टेंबर 2013, रविवार. अशोकनगरचं जुनं बेंगलोर फुटबॉल स्टेडियम. समोर मोहन बागान, 1889 साली स्थापन झालेला क्लब. एका बाजूला सव्वाशे वर्षांचा इतिहास, दुसऱ्या बाजूला दोन महिन्यांचा. रूनीने बेंगळुरूचा पहिलावहिला गोल केला. सामना 1-1 असा बरोबरीत सुटला. पश्चिमेच्या स्टँडमध्ये तरुण पोरापोरींचा एक घोळका शेवटपर्यंत उभा राहून गात होता. हेच पुढे 'वेस्ट ब्लॉक ब्लूज' या नावाने ओळखले गेले. परतताना सुभेदार साहेब एवढंच म्हणाले, "पोरं बसली नाहीत."

मग आम्ही जातच राहिलो. तेरा संघ, प्रत्येकाशी दोनदा, म्हणजे 24 सामने. सप्टेंबरपासून एप्रिलपर्यंत. विश्वचषक महिनाभराचा असतो, त्याचा ताप चढतो आणि उतरतो. लीगचं तसं नाही. एक सामना शिलाँगला, एक कलकत्त्याला, एक गोव्यात. आज जिंकलं तरी पुढच्या आठवड्यात पुन्हा शून्यापासून. मी स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर प्रत्येक सामन्याचे गुण लिहायला लागलो. पत्नीच्या दुधाच्या हिशोबाशेजारीच. ती म्हणाली, "पुन्हा ड्युटीवर लागलात वाटतं." खरंच होतं ते.

यात माझी एक परीक्षा झाली. पुणे एफसी बेंगळुरूला आला. आदल्या वर्षीचा उपविजेता, आपल्या महाराष्ट्राचा संघ. मराठी माणूस म्हणून मी कुणाच्या बाजूने? स्टेडियमच्या दारापर्यंत ठरलं नव्हतं. पण चेंडू बेंगळुरूच्या गोलकडे आला आणि मी ओरडलो, "अरे, काढ तो!" सुभेदार साहेबांनी वळून पाहिलं आणि हसले. मराठीत ओरडलो होतो, पण कुणासाठी ओरडलो ते त्यांना बरोबर कळलं.

21 एप्रिल 2014, सोमवार. कर्नाटकात लोकसभेचं मतदान होऊन चार दिवस झाले होते, बोटावरची शाई अजून गेली नव्हती. सामना मडगावला, फातोर्डाच्या मैदानावर, समोर डेम्पो. आम्ही आमच्या घरी टीव्हीवर पाहिला. बेंगळुरू 4-2 ने जिंकलं आणि पहिल्याच हंगामात देशाचं विजेतं झालं. शेवटच्या तक्त्यात 24 सामन्यांत 47 गुण. एकूण गुण होते 72. म्हणजे विजेत्यानेही 25 गुण वाटेत गमावले होते. ज्यांनी फक्त तो एक सामना पाहिला त्यांना हे 25 दिसले नाहीत. आम्ही दिनदर्शिकेवर एकेक लिहिले होते.

पण मंडळी, तक्ता फक्त वरून वाचायचा नसतो. त्याच तक्त्यात खाली पाहा. चर्चिल ब्रदर्स, आदल्या वर्षीचे विजेते. त्याच जानेवारीत कोचीला फेडरेशन कप जिंकलेले. तेच एप्रिलअखेर खालच्या श्रेणीत गेले. त्यांच्याबरोबर कलकत्त्याचा मोहमेडन स्पोर्टिंग गेला, तोही एकोणिसाव्या शतकातला जुना क्लब. आणि सुभेदार साहेबांची शंका? तीही खोटी नव्हती. पुणे एफसीचा वरिष्ठ संघ 2014-15 च्या हंगामानंतर बंद झाला. मुंबई एफसी 2017 मध्ये तळाला जाऊन बंद पडला. दोन्ही 2007 साली सुरू झालेले. महाराष्ट्रात त्यांच्यासाठी घसा फोडणारी माणसं नव्हती का? होती. पण कंपनीचा निर्णय पेठेला विचारून होत नाही. कोल्हापुरात तालमीचा संघ हरला तर लोक शिव्या देतात, पण तो विकायला कुणी काढत नाही, कारण तो कुणा एकाचा नसतोच. हा फरक लक्षात ठेवा.

मग बेंगळुरूचा संघ 'आपला' कधी झाला? मला वाटतं, जिंकला तेव्हा नाही.

31 मे 2015, रविवार, श्री कांतीरवा स्टेडियम. दुसऱ्या हंगामाचा शेवटचा सामना, पुन्हा मोहन बागान. बेंगळुरूला विजय हवा, त्यांना बरोबरी पुरेशी. जॉन्सनच्या गोलने आम्ही पुढे होतो. 87 व्या मिनिटाला कॉर्नरवरून बेलो रझाकने डोक्याने चेंडू आत मारला. 1-1. तीन मिनिटं राहिली असताना विजेतेपद गेलं. मोहन बागानने तेरा वर्षांनी लीग जिंकली. त्यांचे लोक रडत होते, आमचेही.

मी उठायला लागलो, तर सुभेदार साहेबांनी माझा हात धरून खाली बसवलं. खेळाडू मान खाली घालून आमच्या बाजूला येत होते. आमच्या भोवतालचे लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. सुभेदार साहेबही उभे राहिले. म्हणाले, "हरलेल्या पलटणीला एकटं सोडून जायचं नसतं, साहेब." दोन वर्षांपूर्वी 'कंपनीची टीम' म्हणणारा माणूस त्या दिवशी पलटण म्हणाला. मी काही बोललो नाही.

पुढचं तुम्हाला ठाऊक असेल. 2016 मध्ये पुन्हा लीग, आणि त्याच वर्षी एएफसी कपच्या अंतिम फेरीत पोहोचलेला पहिला भारतीय क्लब. दोहामध्ये इराकच्या हवाई दलाच्या संघाकडून 1-0 ने हार. हवाई दलाकडून हरल्याचं सुभेदार साहेबांना फार लागलं. 2019 मध्ये इंडियन सुपर लीगचं विजेतेपद, मुंबईत, जादा वेळेत. गोल आपल्या मुंबईच्या राहुल भेकेचा.

आता सुभेदार साहेबांचे गुडघे पायऱ्या चढू देत नाहीत. सामना संपला की मी फोन करतो. ते आधी निकाल विचारत नाहीत. विचारतात, "लोक किती आले होते?"

रेझिंगच्या दिवशी पलटणीला नाव मिळतं आणि झेंडा मिळतो. बाकीचं तिथे हजर राहणारी माणसं देतात. तुमच्या गावात, तालुक्यात, शहरात जो संघ खेळत असेल, त्याचा एक पूर्ण हंगाम पाहा. नुसता अंतिम सामना नको, सगळा हंगाम. मालक कोण ते आपल्या हातात नाही. पायऱ्यांवर बसायचं की नाही, ते आहे.

पुढच्या भागात पुन्हा रणांगणावर भेटू. जय हिंद.