शब्दवेध : अंमल
तेलंगण-कर्नाटकाच्या सीमेवरचे देगलूर सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या अंमलाखाली होते. भांग चढलेला माणूसही अंमलाखालीच असतो. शब्द एकच, अरबी ‘अमल’. मूळ अर्थ साधा: कृती, काम. फारसीच्या दरबारी वाटेने तो मराठीत आला आणि हुकमत गाजवू लागला. अंमलदार, अंमलबजावणी ही त्याचीच लेकरे. पण सत्ता जशी माणसाला स्वतःच्या मर्जीने चालू देत नाही, तशी अफूही देत नाही. म्हणून नशेचाही अंमल चढतो, उतरतो. राजस्थानात तर खुद्द अफूलाच अमल म्हणतात आणि पंजाबीत व्यसनी माणूस ‘अमली’ ठरतो. आपल्या बोलीत ती जागा ‘गर्दुल्ला’ने घेतली. तो 1980 च्या दशकात मुंबई-पुण्यात पसरलेल्या गर्दच्या पुडीतून आला. फारसीत गर्द म्हणजे धूळ. गर्दुल्ल्यात हेटाळणी आहे, अंमलात निदान भीती होती.

आज अंमली पदार्थ पकडायला येतो तोही पोलीस अंमलदारच! लिहिताना मात्र अनुस्वार द्या. संस्कृतातला ‘अमल’ म्हणजे निर्मळ. त्या बिचाऱ्याला या भानगडीत ओढू नका.