कळफलक, संकेतपृष्ठ आणि मराठी अक्षर : खान्देशच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

खान्देशातील शब्दसंपदेचा मोठा भाग दुसऱ्याच्या हाताने कागदावर उतरला आहे. जळगावजवळच्या आसोदे येथे १८८० मध्ये जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांना लिहिता येत नव्हते. त्यांच्या ओव्या घरातील लिहित्या माणसांनी टिपून ठेवल्या आणि त्यांच्या निधनानंतर, १९५२ मध्ये त्या पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाल्या. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे यांनी गीतेवर प्रवचने दिली, ती साने गुरुजींनी लिहून घेतली. बोलणारा एक आणि लिहिणारा दुसरा, ही परंपरा या प्रदेशाला नवी नाही.

आज टिपून घेणाऱ्याच्या जागी यंत्र आले आहे. महाविद्यालयीन प्रवेशाचा अर्ज असो, शिष्यवृत्तीचा असो किंवा सात-बाराच्या उताऱ्याचा असो, माणूस कळ दाबतो आणि ते अक्षर स्वीकारायचे की नाही हे संकेतपृष्ठामागची आज्ञावली ठरवते. हे ठरवण्याचे तंत्र म्हणजे जावास्क्रिप्ट या भाषेतील कळफलक-घटनांची हाताळणी होय. हा विषय सामान्यतः संगणकशास्त्राचा मानला जातो. परंतु कोणती कळ कोणत्या अक्षराला मिळाली, कोणी दिली आणि त्यात कोण मागे राहिले, हा इतिहासाचाही प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात टंकलेखन यंत्रापासून संकेतपृष्ठापर्यंतचा मराठी अक्षरनोंदीचा प्रवास मांडून त्याचा जळगाव व धुळे जिल्ह्यांच्या संदर्भात विचार केला आहे.

टंकलेखन यंत्राचा वारसा

कळफलकाची आजची मांडणी १८७० च्या दशकातील अमेरिकन टंकलेखन यंत्रापासून चालत आली आहे. रोमन लिपीच्या सव्वीस अक्षरांसाठी ती पुरेशी होती. देवनागरीचा स्वभाव वेगळा. स्वर, व्यंजने, काना-मात्रा, जोडाक्षरे आणि रफार या सर्वांना तेवढ्याच कळांवर बसवणे हे मोठे आव्हान होते. यंत्र घडवणाऱ्यांनी त्यावर व्यावहारिक तोड काढली. अक्षराचे तुकडे केले. अर्धे व्यंजन एका कळेवर आणि काना दुसऱ्या कळेवर ठेवला. साहजिकच टंकलेखक अक्षर उच्चाराच्या क्रमाने न लिहिता दिसण्याच्या क्रमाने लिहू लागला. ‘कि’ लिहिताना आधी वेलांटी आणि मग ‘क’, अशी बोटांना सवय लागली.

गोदरेज आणि बॉईस कंपनीने १९५५ मध्ये भारतीय बनावटीचे टंकलेखन यंत्र बाजारात आणले. पुढील अर्धशतकात तालुक्याच्या गावी टंकलेखनाचे वर्ग चालले आणि मराठी टंकलेखनाचे प्रमाणपत्र हे लिपिकाच्या नोकरीचे दार ठरले. शेतीवर अवलंबून असलेल्या खान्देशातील तरुणांसाठी या प्रमाणपत्राचे मोल वेगळे सांगण्याची गरज नाही. या कंपनीने २००९ मध्ये टंकलेखन यंत्रांचे उत्पादन थांबवले. यंत्र गेले, पण बोटांची सवय गेली नाही. संगणकावरील अनेक मराठी आज्ञावल्यांना ‘टाइपरायटर’ पद्धतीची मांडणी ठेवावी लागली, त्याचे कारण या सवयीत आहे.

उच्चारक्रमाकडे

१९८० च्या दशकात भारतीय लिप्यांसाठी वेगळा विचार सुरू झाला. कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत जिस्ट हे तंत्रज्ञान आकारास आले. मोहन तांबे यांचे नाव त्याच्याशी जोडलेले आहे. पुढे हे काम १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेत वाढले. याच काळात केंद्र शासनाच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये इनस्क्रिप्ट ही मांडणी प्रमाणित केली आणि १९९१ मध्ये भारतीय मानक ब्युरोने इस्की या संकेतप्रणालीचे मानक प्रसिद्ध केले.

इनस्क्रिप्टचे तत्त्व सोपे आहे. स्वर व मात्रा डाव्या हाताला आणि व्यंजने बहुतांशी उजव्या हाताला. अक्षर ज्या क्रमाने उच्चारले जाते, त्याच क्रमाने कळा दाबायच्या. ‘प्र’ लिहिण्यासाठी प, हलन्त आणि र अशा तीन कळा. जोडाक्षराचे रूप घडवणे हे यंत्राचे काम. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये आली, तेव्हा देवनागरीची रचना इस्कीच्या १९८८ च्या मसुद्यावरून घेतली गेली. अशा रीतीने उच्चारक्रमाचे तत्त्व जागतिक मानकात गेले. विंडोज २००० या प्रणालीत देवनागरीचा आधार मिळाला. तिच्यातील ‘मंगल’ हा टंक मराठी अक्षरकार र. कृ. जोशी यांनी घडवला होता.

तरीही २००० नंतरची काही वर्षे व्यवहारात गोंधळाची होती. मुद्रणालये आणि वृत्तपत्रे निरनिराळ्या कंपन्यांचे टंक वापरत. त्या टंकांत मराठी अक्षराच्या मागे रोमन संकेत दडलेला असे. टंक नसलेल्या संगणकावर मजकूर उघडला की निरर्थक रोमन चिन्हे दिसत. अक्षर दिसत होते, पण संगणकाच्या दृष्टीने ते मराठी नव्हते.

जावास्क्रिप्ट आणि कळफलक-घटना

नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये जावास्क्रिप्ट भाषा तयार केली. संकेतपृष्ठ केवळ वाचायचे न राहता त्याने वापरणाऱ्याला प्रतिसाद द्यावा, हा तिचा हेतू. १९९७ मध्ये नेटस्केप आणि इंटरनेट एक्सप्लोरर या दोन्ही ब्राउझरांच्या चौथ्या आवृत्त्या आल्या आणि कळ दाबण्याची नोंद घेण्याची सोय पृष्ठांना मिळाली.

या सोयीत तीन घटना होत्या. कळ खाली जाते तेव्हा ‘की-डाउन’, तिच्यातून अक्षर निर्माण होते तेव्हा ‘की-प्रेस’ आणि कळ सुटते तेव्हा ‘की-अप’. पहिल्या आणि तिसऱ्या घटनेचा संबंध कळेशी, तर दुसरीचा अक्षराशी आहे. आज्ञावली यांपैकी पहिल्या दोन घटनांत मध्ये पडून ब्राउझरचे नेहमीचे काम रोखू शकते. म्हणजे कळ दाबली तरी अक्षर उमटत नाही, किंवा त्याऐवजी दुसरेच उमटते.

वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्टियमने नोव्हेंबर २००० मध्ये घटनांविषयीचे मानक प्रसिद्ध केले, परंतु कळफलक-घटना त्यातून वगळून पुढच्या टप्प्यावर ढकलल्या. परिणामी प्रत्येक ब्राउझरची रीत वेगळी राहिली आणि आज्ञावलीकारांना अंदाजाने वाट काढावी लागली. नंतरच्या मसुद्यांत ‘की’ आणि ‘कोड’ हे दोन गुणधर्म आले. ‘की’ उमटणारे अक्षर सांगते, तर ‘कोड’ कळेची जागा सांगते. इनस्क्रिप्ट मांडणीत रोमन ‘के’ची कळ दाबल्यास ‘की’चे मूल्य ‘क’ येते आणि ‘कोड’ मात्र ‘के’च्या कळेचाच राहतो. ‘की-प्रेस’ ही घटना आता कालबाह्य ठरवली गेली आहे.

मराठीने केलेला उपयोग

या तंत्राचा कल्पक उपयोग मराठी भाषकांनी केला. संगणकावर मराठी मांडणी बसवणे सर्वांना जमत नसे, सायबर कॅफेत तर तशी मुभाही नसे. तेव्हा पृष्ठानेच कळ अडवून तिच्या जागी देवनागरी अक्षर ठेवावे, ही कल्पना पुढे आली. अविनाश चोपडे यांच्या आयट्रान्स या लिप्यंतरपद्धतीने रोमनातून देवनागरी लिहिण्याचे नियम आधीच रूढ केले होते. ओंकार जोशी यांच्या ‘गमभन’ या सुविधेने मराठी संकेतस्थळांवर असे लेखन सुलभ केले. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावर २०११ मध्ये ‘नारायम’ ही सुविधा आली आणि २०१३ मध्ये तिची जागा अधिक व्यापक भाषानिवडीच्या सुविधेने घेतली.

अशा सुविधेचे कार्य पुढीलप्रमाणे चालते. रोमन ‘जे’ दाबताच आज्ञावली ते अक्षर अडवते आणि ‘ज्’ ठेवते. पाठोपाठ ‘ए’ आल्यास ती मागचा हलन्त काढून ‘ज’ करते. शिफ्टसह ‘एल’ दाबल्यास ‘ळ्’ येतो. प्रत्येक कळेला ती चिन्हापूर्वीची एक-दोन अक्षरे तपासते आणि नियमानुसार बदलते. ज्यांना इनस्क्रिप्ट ठाऊक नव्हते आणि टंकलेखनाचा वर्ग परवडला नव्हता, अशांनाही या युक्तीमुळे मराठीत लिहिता आले.

चोपडा आणि यावलचा प्रश्न

जे तंत्र दार उघडते, तेच दार लावूही शकते. नावाच्या रकान्यात अंक किंवा चिन्हे येऊ नयेत म्हणून अनेक अर्जांत की-डाउनच्या वेळी कळेचा क्रमांक तपासण्याची पद्धत रूढ झाली. ६५ ते ९० हे क्रमांक रोमन अक्षरांच्या कळांचे आहेत. तेवढे स्वीकारायचे आणि बाकीचे रोखायचे.

इनस्क्रिप्ट मांडणीत या नियमाचे काय होते, हे खान्देशातील गावांच्या नावांवरून स्पष्ट होते. ‘जळगाव’ मधील ज, ळ, ग, काना आणि व ही पाचही चिन्हे रोमन अक्षरांच्या कळांवर आहेत. ‘धुळे’ची चारही तशीच. ही नावे बिनतक्रार उमटतात. परंतु ‘च’ अर्धविरामाच्या कळेवर आणि ‘ड’ चौकटी कंसाच्या कळेवर आहे. त्यामुळे ‘चोपडा’ लिहिताना च आणि ड दोन्ही गळतात व केवळ ओकार, प आणि काना उरतात. ‘य’ तिरप्या रेघेच्या कळेवर असल्याने ‘यावल’चे पहिलेच अक्षर अडते. एकाच जिल्ह्यातील मुख्यालयाचे नाव लिहिता येते आणि तालुक्याचे येत नाही. हीच तपासणी की-प्रेसच्या वेळी केली, तर ‘क’चा संकेतांक २३२५ येतो आणि जळगावही अडते.

येथे कोणाचा हेतू वाईट नसतो. नियम लिहिणाऱ्याने कळ आणि अक्षर एकच मानलेले असते, कारण त्याच्या डोळ्यांसमोर एकच लिपी असते. अर्जदार मात्र चूक आपलीच समजून नाव रोमन लिपीत लिहितो आणि मग गुणपत्रिकेवरील, शिधापत्रिकेवरील व बँकेतील नावांत फरक पडतो.

अक्षरसंख्येचा प्रश्नही असाच आहे. ‘खान्देश’ या शब्दात वाचकाला खा, न्दे आणि श ही तीन अक्षरे दिसतात. जावास्क्रिप्ट सात मोजते. २००८ च्या युनिकोड ५.१ आवृत्तीत ‘ॲ’ला स्वतंत्र संकेत मिळाला आणि महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने ते अक्षर वर्णमालेत निश्चित झाले. तत्पूर्वी ‘अ’वर चंद्र देऊन केलेले रूप डोळ्यांना सारखेच दिसते, पण शोध घेताना संगणक ते वेगळे मानतो.

दप्तरे, बोली आणि भ्रमणध्वनी

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे १९२६ मध्ये धुळ्यात निधन झाले. त्यांच्या नावाने तेथे उभ्या राहिलेल्या संशोधन मंडळाने जुनी कागदपत्रे जतन केली आहेत. मोडी लिपीला युनिकोडमध्ये स्थान मिळाले ते २०१४ मध्ये, सातव्या आवृत्तीत. तिचे संकेत मूळ पट्ट्याबाहेर असल्याने जावास्क्रिप्ट प्रत्येक मोडी चिन्ह दोन घटकांचे मोजते. देवनागरीत चार असणारे ‘धुळे’ मोडीत आठ होते. एकेक घटक पुसणारी आज्ञावली मोडी चिन्हाचे अर्धे तोडते. दप्तरांच्या सूची संगणकावर आणताना अभ्यासकांनी हे ध्यानात घेणे आवश्यक आहे.

बोलींचा प्रश्न याहून नाजूक आहे. २०११ च्या जनगणनेत खान्देशी ही मातृभाषा सांगणाऱ्यांची संख्या सुमारे १८.६ लाख होती. अहिराणीत आणि लेवा गणबोलीत ‘ळ’च्या जागी ‘य’ येतो. डोळ्याला ‘डोया’ म्हणतात. भ्रमणध्वनीच्या कळफलकावर बोट टेकताच शब्द सुचवले जातात आणि त्या सूचना प्रमाण मराठीच्या असतात. शिवाय अशा कळफलकावर की-डाउनच्या घटनेत बहुधा २२९ हा एकच क्रमांक येतो. कोणते अक्षर लिहिले, हे पृष्ठाला कळेवरून समजत नाही. त्यामुळे कळ अडवून मराठी लिहिण्याची जुनी युक्तीही तेथे चालत नाही. रकान्यात प्रत्यक्ष काय उमटले, हे पाहणाऱ्या ‘इनपुट’ घटनेवर विसंबणे हाच तेथे योग्य मार्ग ठरतो.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. पहिली, मराठी अक्षरनोंदीचा इतिहास हा दृश्यक्रमाकडून उच्चारक्रमाकडे झालेल्या स्थित्यंतराचा इतिहास आहे आणि संकेतपृष्ठ हा त्याचा पुढचा टप्पा आहे. दुसरी, कळ आणि अक्षर या दोन भिन्न गोष्टी आहेत. त्या एक मानल्यास अन्याय होतो तो रोमन लिपीबाहेरच्या माणसावर. तिसरी, अर्जाची तपासणी कळेवर न करता लिहून झालेल्या मजकुरावर केल्यास आणि युनिकोडमधील अक्षरवर्ग विचारात घेतल्यास हा अन्याय टळू शकतो.

जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठास २०१८ पासून बहिणाबाईंचे नाव आहे. त्या परिसरातील महाविद्यालयांत संगणक विभाग आणि मराठी विभाग एकाच आवारात नांदतात. संगणकाच्या विद्यार्थ्याने अर्जाची आज्ञावली लिहून झाल्यावर तिच्यात ‘चोपडा’ आणि ‘यावल’ ही दोन नावे मराठीतून टंकून पाहावीत, एवढा साधा पाठ प्रात्यक्षिकात समाविष्ट करण्यास कोणत्याही निधीची आवश्यकता नाही. बहिणाबाईंचे शब्द टिपणाऱ्यांनी ‘य’चा ‘ळ’ केला नाही, म्हणून ती बोली आज वाचता येते. टिपून घेणाऱ्या यंत्राकडूनही तीच अपेक्षा आहे.